आधी कागदावर भांडा, मग पाया खणा



पनवेलजवळच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी विमाने उडू लागली. उसाच्या फडाचा आणि विमानाचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या खिशाशी आहे.

मोठ्या कामात प्रत्येकाची मागणी आपापल्या जागी रास्तच असते. अडचण येते ती दोन रास्त मागण्या एका जागेत मावेनात तेव्हा. पनवेलला तसेच झाले. विमानांना दोन समांतर धावपट्ट्या हव्या होत्या. पण जागेलगत गाढी नदी, आत उलवे नदी, सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी, खाडीकाठची तिवरे आणि दहा गावांतली नांदती घरे!

पहिल्या आराखड्यात दोन पट्ट्यांमध्ये १,८०० मीटर अंतर होते. त्यापायी गाढी नदी वळवावी लागणार होती. पर्यावरणाच्या छाननीत प्रश्न निघाला, एवढे अंतर लागतेच का? दोन्ही पट्ट्यांवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवायला आंतरराष्ट्रीय नियमाने किमान १,०३५ मीटर पुरतात. मग अंतर सुमारे १,५५० मीटरवर आणले, गाढी वाचली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी मिळाली. रेघ नकाशावर होती, म्हणून रबरावर भागले.

सगळेच काही असे सुटले नाही. टेकडी सुरुंगांनी फोडावी लागली, उलवे नदी वळवावी लागली. साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचा मोबदला ठरवणे आणि गावे हलवणे यांत वर्षे गेली. पायाभरणी झाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये.

आता आपल्या घरात पाहू. कारखान्याच्या विस्तारवाढीची गोष्ट निघाली की सभासद म्हणतो, माझा ऊस उन्हाळ्याआधी तुटला पाहिजे. म्हणजे गाळपक्षमता मोठी हवी. हिशेबनीस म्हणतो, हंगाम आखूड झाला तर यंत्रे वर्षातले बरेच महिने बसून राहतील, कर्जाचा हप्ता मात्र थांबणार नाही. मिलवाला भुशावर जास्त पाणी मारू पाहतो, कारण त्याने राहिलेली साखर निघते. पण तेच पाणी पुढे आटवायला वाफ लागते, वाफेला भुसा जळतो. भुसा जास्त जळला तर सहवीजनिर्मितीला काय उरणार?

यात कुणीच चुकीचा नाही. म्हणूनच टेंडर निघण्याआधी सगळ्यांच्या मागण्या एका कागदावर मांडाव्यात. कोणती मागणी कोणाला आडवी येते तिथे खूण करावी. मग प्रत्येक आकड्याला विचारावे, "बाबा, तू खरेच एवढा लागतोस का?" जिथे तोड निघत नाही, तिथे कोणी किती सोडायचे ते सभेत ठरवावे आणि इतिवृत्तात लिहून ठेवावे.

सभेत दोन तास वाद झाला तर चहाचा खर्च वाढेल. तोच वाद बॉयलर बसवल्यावर झाला, तर तो उसाच्या बिलातूनच फेडावा लागेल.