डिस्नेलँडमध्ये राइडआधी मुलांची उंची का मोजतात?

अमेरिकेला फिरायला जाणाऱ्या अनेक कुटुंबांच्या यादीत कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड असतं. 1955 साली सुरू झालेल्या या पार्कमध्ये 3 वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. पण आत गेल्यावर अनेक मोठ्या राइडसाठी वय नाही, उंची बघतात. 'स्पेस माउंटन'साठी किमान 102 सेंटिमीटर, तर 'इंडियाना जोन्स'साठी 117 सेंटिमीटर उंची लागते.

असं का? वेगात वळणाऱ्या राइडमध्ये मांडीवरचा दांडा किंवा पट्टा आपल्याला जागेवर धरून ठेवतो. शरीर फार लहान असेल तर मध्ये फट राहते आणि मूल निसटू शकतं. शरीर पुरेसं मोठं आहे का, हे दारात झटपट तपासायचं सोपं माप म्हणजे उंची. म्हणूनच जत्रेतल्या पाळण्यासारखं "मांडीवर घेऊन बसते" म्हटलेलं इथे चालत नाही.

मग धाकट्यासाठी आई-बाबांपैकी एकाने राइड सोडायची का? नाही. त्यासाठी 'रायडर स्विच' ही सोय आहे. एक जण राइडला जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो. नंतर अदलाबदल होते आणि दुसऱ्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. मात्र रांगेत शिरण्याआधी कर्मचाऱ्यांना तसं सांगावं लागतं.

'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'सारख्या राइडला उंचीची अट नाही. तिथे आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे एकत्र बसू शकतात.

त्यामुळे निघण्यापूर्वी घरीच मुलांची उंची मोजा आणि कोणती राइड मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगा. तासभर रांगेत उभं राहून दारातून परतण्यापेक्षा ते बरं.