वाळा : कुंडीतून जग पादाक्रांत करणारा साप

पावसाळ्यात न्हाणीघराच्या मोरीपाशी किंवा तुळशीवृंदावनाच्या ओल्या मातीत काळपट, दोरीसारखे काहीतरी वळवळताना दिसते. कोणी त्याला गांडूळ समजून दुर्लक्ष करतो, तर कोणी सापाचे विषारी पिल्लू समजून ठेचतो. वास्तविक तो पूर्ण वाढ झालेला, सर्वस्वी बिनविषारी साप असतो : वाळा.

‘इंडोटिफ्लॉप्स’ या प्रजातीतील ही सर्वपरिचित जात. देवास जिल्ह्यातील हाटपिपल्याच्या परिसरात पसरलेली माळव्याची काळी जमीन असो वा गोव्यातील कुळागरांची पालापाचोळ्याने झाकलेली ओल, भुसभुशीत माती मिळाली की वाळा तेथे सुखाने नांदतो. त्याची लांबी सुमारे १० ते १५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नसते. डोळे खवल्यांखाली झाकलेले असल्याने त्याला केवळ उजेड-अंधार कळतो. मुंग्या व वाळवी यांची अंडी आणि अळ्या हे त्याचे खाद्य. गांडुळाच्या अंगावर वलये असतात व ते ओलसर असते. वाळ्याचे अंग कोरडे, गुळगुळीत व चकचकीत असते आणि तो इवलीशी जीभ बाहेर काढतो. शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. तो टोचला तरी त्यात विष नाही.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०३ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव दिले. तिचे खरे नवल मात्र प्रजननात आहे. या जातीत आजवर खात्रीलायक नर आढळलेला नाही. सर्व वाळे माद्याच असतात. नराविना त्या अंडी घालतात व त्यांतून आईचीच जनुकीय प्रतिकृती असलेल्या माद्या जन्मतात. यालाच अनिषेकजनन म्हणतात. त्यामुळे नवी वसाहत वसवण्यास एकच मादी पुरेशी ठरते. रोपांच्या कुंड्यांतील मातीतून नकळत प्रवास करीत हा साप अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर पोहोचला. ‘कुंडीतला साप’ हे त्याचे इंग्रजी नाव त्यावरूनच पडले.

वाळा झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो, हा समज निराधार आहे. बिळात पाणी भरल्यामुळे तो घरात येतो, एवढेच. तेव्हा घरात वाळा दिसलाच, तर त्याला कागदावर अलगद घेऊन बागेतील सावलीच्या मातीत सोडावे. वाळवीवर जगणाऱ्या या मुक्या शेजाऱ्याला आपल्या भीतीची शिक्षा देण्याचे कारण नाही.