त्रिपुरी : नगर, राज्य आणि विस्तार

जबलपुराच्या पश्चिमेस, भेडाघाटच्या रस्त्यावर, सुमारे 13 किलोमीटरांवर वसलेले तेवर म्हणजेच चेदि देशाची प्राचीन राजधानी त्रिपुरी, ही गोष्ट 1939 च्या काँग्रेस अधिवेशनामुळे अनेकांना निदान नावाने परिचित आहे. परंतु नगराचे राज्य कसे होते, त्याचा मुलूख कसा वाढतो आणि वाढलेला मुलूख कशाने टिकतो, या प्रश्नांचा विचार करण्यास हे स्थळ किती योग्य आहे, याची जाणीव मात्र फारशी आढळत नाही.

रोमच्या आरंभाशी रोम्युलसची कथा आणि इ. स. पू. 753 हे परंपरागत वर्ष जोडलेले आहे, तशी त्रिपुरीच्या नावाशी त्रिपुरासुराच्या दहनाची पुराणकथा जोडलेली आहे. कथा बाजूस ठेवली तरी नगराचे प्राचीनत्व कमी होत नाही. इ. स. पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतील ब्राह्मी अक्षरांच्या नाण्यांवर राजाचे नाव नसून ‘तिपुरी’ हे नगराचेच नाव आहे. म्हणजे आपल्या नावाने चलन चालविण्याइतकी प्रतिष्ठा या नगराला त्या काळी लाभली होती. सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मो. गं. दीक्षित यांनी 1952 मध्ये येथे केलेल्या उत्खननाने या वस्तीचे थर उजेडात आले, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलचुरी-चेदि संवताच्या कोरीव लेखांच्या संग्रहाने तिच्या राजकीय इतिहासाला भक्कम पाया मिळाला.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रिपुरीच्या कलचुरी घराण्यातील पहिल्या कोकल्लाने चंदेल्ल राजकन्येशी विवाह करून आणि आपली कन्या राष्ट्रकूट कृष्णाला देऊन दोन्ही बाजूंच्या सत्तांशी नाते जोडले. त्याला अठरा पुत्र होते, त्यांतील ज्येष्ठ त्रिपुरीचा स्वामी झाला व इतर मंडलाधिपती झाले, असे रतनपूरचा 1114 चा शिलालेख सांगतो. मुलूख कुटुंबात वाटून सांभाळण्याची ही पद्धत पुढे मोठ्या परिणामांची ठरली.

कारभाराचे स्वरूपही लेखांतून स्पष्ट होते. महामंत्री, महासांधिविग्रहिक, महाक्षपटलिक, महाभांडागारिक हे अधिकारी दानपत्रांत ओळीने येतात. तह-लढाई, हिशेबाचे दफ्तर आणि खजिना यांची खाती वेगळी होती. बिल्हारीच्या शिलालेखात पेठेच्या नाक्यावर मीठ, घोडे, हत्ती यांवर घ्यावयाची जकातही नमूद आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्याच्या मुंजाने दुसऱ्या युवराजदेवाचा पराभव करून राजधानीपर्यंत धडक मारली; त्यानंतर दुसऱ्या कोकल्लाला प्रमुख अमात्यांनी सिंहासनावर बसविले, असे त्याच घराण्याचा ताम्रपट सांगतो. संकटसमयी राज्य राजाच्या व्यक्तीहून मोठे मानणारे लोक दरबारात होते, याचे हे मोलाचे प्रमाण आहे.

अकराव्या शतकात विस्ताराचा कळस झाला. गांगेयदेवाने विक्रमादित्य ही पदवी धारण केली, आणि त्याच्या लक्ष्मीछापाच्या सुवर्णनाण्यांचे अनुकरण उत्तरेतील इतर राजांनी केले. त्याचा पुत्र कर्ण 1041 मध्ये गादीवर आला; काशीत कर्णमेरू हे मंदिर उभारणाऱ्या, बंगालमधील पैकोरच्या स्तंभावर आपला लेख कोरविणाऱ्या आणि गुजरातच्या भीमाशी हातमिळवणी करून भोजाच्या माळव्यावर चालून जाणाऱ्या या राजाएवढा दरारा त्या काळी क्वचितच कोणाचा होता. परंतु चंदेल्ल कीर्तिवर्म्याने त्याचा पराभव केला, काशी गाहडवालांकडे गेली, आणि कर्णपुत्र यशःकर्णाने राजगुरू रुद्रशिवाला दिलेले गाव 1120 मध्ये गोविंदचंद्र गाहडवालाच्या संमतीने दुसऱ्याच्या नावे लागले. राज्य ओसरल्याची याहून बोलकी नोंद दुसरी नसेल.

येथे रोमचे उदाहरण बोधप्रद आहे. इ. स. पू. 509 मध्ये राजपद मोडून दरवर्षी दोन कॉन्सल निवडणाऱ्या त्या नगराने इ. स. पू. 338 मध्ये लॅटिन नगरे जिंकल्यावर काहींना पूर्ण नागरिकत्व, काहींना मतदानावाचून नागरिकत्व आणि सर्वांना सैन्य पुरविण्याची जबाबदारी दिली. म्हणून इ. स. पू. 216 मध्ये कॅनीच्या रणांगणावर कार्थेजच्या हॅनिबलने रोमची फौज कापून काढली, दक्षिणेतील अनेक दोस्त फुटले, तरी लॅटिन नगरे ढळली नाहीत. कर्णाच्या जिंकलेल्या प्रांतांना त्रिपुरीशी बांधणारे असे काहीच नव्हते. तेथे होता केवळ कर्णाचा धाक.

उलट, दक्षिण कोसलात रतनपूर येथे रुजलेली याच कलचुरी वंशाची शाखा मूळ राज्य तेराव्या शतकात मावळल्यावरही पाच शतके टिकली. शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा व दक्षिणेस अठरा गढ, त्यांखाली बारा-बारा गावांचे बऱ्हों आणि त्या-त्या ठिकाणी वंशपरंपरेने कारभार पाहणारे स्थानिक प्रमुख, अशी ती रचना होती. 1741 मध्ये भास्करपंत कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन रतनपुरावर आले, तेव्हाही ते घराणे गादीवर होते.

राज्याची सीमा तलवार वाढविते, परंतु त्याचे आयुष्य जिंकलेल्या गावाला त्या राज्यात कोणते स्थान मिळाले यावर ठरते, हा त्रिपुरीच्या इतिहासाचा निष्कर्ष आहे. मिराशी आणि दीक्षित या दोन मराठी विद्वानांनी त्याची साधने आपल्या हाती दिली आहेत. ती जाणत्या दृष्टीने वाचणे आणि पुढच्या पिढीला वाचावयास शिकविणे हे जबलपूरच्या मराठी समाजाने आपले कर्तव्य मानावे.