आधी घरातली लेन्स पाहा

माझ्या भाचीला फोटोग्राफी शिकायची होती. वापरलेले दोन डिजिटल एसएलआर तिच्या ऐपतीत बसत होते : निकॉन डी४० आणि कॅनन ४००डी. दोन्ही २००६ साली आलेले.

‘मामा, कॅनन १० मेगापिक्सेलचा, निकॉन ६चाच. मग कॅनन घेऊ ना?’

मी म्हटलं, अगं, ६ मेगापिक्सेलचा फोटोही १० इंच रुंद स्वच्छ छापता येतो. बाकी कॅननला फोकसचे बिंदू ९, निकॉनला ३. सेन्सरवरची धूळ झटकण्याची सोयही कॅननमध्येच. कागदावर कॅनन सरस.

पण तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, आता नाहीत. त्यांची निकॉनची जुनी ५० मिलिमीटरची ऑटोफोकस लेन्स कपाटात होती. ती कॅननवर थेट बसत नाही. डी४०वर बसते, मात्र ती फिरवणारी मोटर कॅमेऱ्यात असावी लागते, आणि डी४०मध्ये ती नाही. म्हणजे कडं हातानं फिरवायचं. फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरमध्ये ठिपका उमटतो.

भाचीनं डी४०च घेतला. सुरुवातीला निम्मे फोटो धूसर आले. आता ती ठिपक्याची वाट पाहते.

तुमच्याही घरी जुनी लेन्स असेल, तर दुकानात जाताना सोबत न्या आणि लावून पाहा.