जठराच्या शस्त्रकर्मानंतरचा आहार : पेयेपाशी थांबू नये

प्रतापगड व अर्जुनी मोरगावचा परिसर म्हणजे धानाचा मुलूख. जठराच्या कर्करोगावर नागपुरास शस्त्रकर्म करवून रुग्ण गावी परतला की घरची मंडळी त्यास तांदळाची पेज सुरू करतात आणि आम्हा वैद्यांस विचारल्यास आम्हीही बहुधा तीच सांगतो. पेज लघु, दीपन व वातानुलोमक आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो ती किती दिवस द्यावी हा.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील संसर्जनक्रम वैद्यबंधूंस ज्ञात आहेच. प्रधान शुद्धीनंतर पेया, विलेपी, यूष व मांसरस प्रत्येकी ३ अन्नकाळ, म्हणजे १२ अन्नकाळांत रुग्ण प्रकृतिभोजनाकडे वळतो. पेया ही पहिली पायरी. व्यवहारात मात्र रुग्ण तीन-तीन आठवडे तिथेच अडकतो. मूठभर, सुमारे २५ ग्रॅम तांदळाच्या पेजेत प्रथिने २ ग्रॅमही नसतात व उष्मांक ९० च्या आसपास. ५० किलो वजनाच्या रुग्णास दिवसाकाठी १२५० ते १५०० उष्मांक आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास मांसक्षय होतो, व्रण भरत नाही आणि पुढील केमोथेरपी लांबणीवर पडते.

दुसरे असे की, हा क्रम आमाशय शाबूत असलेल्या रुग्णासाठी सांगितला आहे. जठर काढल्यावर अग्नी मंद आहे एवढेच नव्हे, तर अन्न साठविण्याची जागाच उरलेली नसते. येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. अशा एका रुग्णास दौर्बल्य पाहून आम्ही गोड दुधातून च्यवनप्राश दिला. घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा व द्रवमल. आम्ही ते वातप्रकोपाचे लक्षण समजलो आणि मात्रा तशीच ठेवली. वस्तुतः गोड द्रव एकदम लहान आतड्यात उतरल्याने होणारा तो ‘डंपिंग’ नावाचा उपद्रव होता. गोड बंद करताच तो शमला.

म्हणून शल्यचिकित्सकाने मुखाने आहारास अनुमती दिल्यावर दिवसातून ६ ते ८ वेळा थोडे थोडे द्यावे. पाणी जेवणासोबत न देता अर्ध्या तासाच्या अंतराने द्यावे. विलेपीत मुगाची डाळ मिसळावी, नंतर घट्ट यूष, मऊ उकडलेले अंडे, सोसल्यास ताजे दही. मांसरसाविषयी एक सूचना : नुसत्या पाण्यात सत्त्व फारसे उतरत नाही, मांसही बारीक करून त्यात घालावे. आपल्या तलावांतील मरळ काटे काढून दिल्यास पचनास सुकर व प्रथिनांनी समृद्ध. शिंगाड्याचे पीठ पौष्टिक मानले जाते खरे, पण ते मुख्यत्वे पिष्टच होय. महाशिवरात्रीच्या यात्रेच्या दिवसांत असे रुग्ण उपवासाचा हट्ट धरतात. तो मोडून काढावा.

औषधी दुकानदार बंधूंनीही शक्तीसाठी ग्लुकोजची भुकटी, शर्करायुक्त टॉनिक वा आसवारिष्टे अशा रुग्णास परस्पर देऊ नयेत. केमोथेरपी चालू असता भस्मे व रसकल्प तर संबंधित तज्ज्ञास विचारल्याविना देऊच नयेत. संपूर्ण जठर काढलेल्यास बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आजन्म लागतात. यकृतातील साठ्यामुळे त्याची उणीव काही वर्षे दिसत नाही, आणि बरे वाटते म्हणून रुग्ण ती मध्येच सोडतो. चिठ्ठी जुनी झाली तरी त्याची आठवण द्यावी.

दर आठवड्यास त्याच काट्यावर वजन करून नोंद ठेवावी. वजन सतत घटत असेल, ज्वर, वारंवार छर्दी किंवा गिळताना अडथळा असेल तर पथ्य बदलीत न बसता रुग्णास शस्त्रकर्म झालेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे.