पाचवीची रात्र

एखादं दुखणं माणसाची पाठच सोडत नसलं की आपण म्हणतो, ‘ते त्याच्या पाचवीलाच पुजलंय.’ हा वाक्प्रचार शहरातही टिकला आहे. पाचवी, म्हणजे बाळाच्या जन्मानंतरच्या पाचव्या दिवसाची पूजा, मात्र आता पूर्वीसारखी सगळीकडे होत नाही. खान्देशात, म्हणजे जळगाव-धुळ्याकडे, बाळंतीण लेक माहेरी आली असेल तर तिची आई या दिवसाची तयारी आधीपासूनच करून ठेवते. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई देवी येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला एकटं सोडायचं नाही.

ही धास्ती उगाच आलेली नव्हती. बाळंतपण घरात व्हायचं. नाळ विळ्यानं नाहीतर ब्लेडनं कापायची आणि जखमेवर राख किंवा शेण लावायचं. त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरले तर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान बाळ दूध ओढेनासं व्हायचं, जबडा आवळायचा, अंग धनुष्यासारखं ताणायचं. पंजाबात या दुखण्याला आठव्या दिवसाचा आजार असंच नाव होतं. आपल्याकडे त्याचा दोष सटवाईच्या माथी जायचा.

शिकलेली घरंही यातून सुटली नव्हती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचा.

गरोदरपणातलं धनुर्वाताचं इंजेक्शन आणि नाळ कापायला निर्जंतुक पातं, एवढ्या दोन गोष्टींनी चित्र पालटलं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. म्हणजे कोणत्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. नाळेवर मात्र अजूनही काही घरांत तेल-हळद लागतेच. डॉक्टरांचं म्हणणं एका शब्दाचं आहे: कोरडी. काही लावायचं नाही. ती आपोआप वाळते आणि गळून पडते.

महाराष्ट्रात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्याच पाहणीत दुसरा आकडा असा की जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं जेमतेम निम्मी. म्हणजे आई दवाखान्यात पोचली, पण बाळाच्या तोंडी पहिल्यांदा काय जावं, हे बऱ्याचदा बाहेरच्या बाकड्यावर बसलेली माणसं ठरवतात. कुणी मध चाटवतं, कुणी गुळाचं पाणी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आईच्या पहिल्या पिवळसर, घट्ट दुधाला चीक म्हणतात. गाईच्या चिकाचा खरवस आपण वाट्या पुसून खातो आणि आईचा चीक मात्र काही घरांत ‘जड’ म्हणून पिळून टाकतात! रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं त्या चमचाभर दुधातच सर्वांत जास्त असतात.

खान्देशात या सगळ्यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो दहाच्याही खाली उतरतो. नवजात बाळाला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. रीत मात्र बाराही महिने एकच: बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, खिडक्या बंद, बाळ टोपडं-दुपट्यात गच्च बांधलेलं. उन्हाळ्यात अशा खोलीत बाळाचं अंग तापतं, ओठ सुकतात, लघवी कमी होते. ताप आला म्हणून आणखी एक दुपटं चढतं. शिवाय बंद खोलीतल्या कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो बाळ-बाळंतीण दोघांनाही घातक असतो.

मग एवढ्या उन्हात बाळाला थोडं पाणी पाजावं का? हा प्रश्न आज्या हमखास विचारतात, आणि त्याचं उत्तर नाही असंच आहे. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. वरचं पाणी पोटातली दुधाची जागा अडवतं आणि त्याबरोबर जंतूही जातात. पाणी, ताक, पेज लागते ती आईला. बाळाला सारखं अंगावर घ्यायचं, सुती आणि सैल कपडे घालायचे, खोलीत वारा खेळता ठेवायचा. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा वेळा तरी लघवी करत असेल, तर दूध पुरतंय असं समजायला हरकत नाही. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. ही घट दहा टक्क्यांच्या पुढे गेली तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

थंडीत प्रश्न उलटा होतो. विशेषतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला ऊब कमी पडते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. तिला ना वीज लागते, ना शेगडी. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अतिनाजूक बाळांसाठी वेगळे कक्ष आहेतच. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून बाळ तिथवर न्यायचं, तर वाटेत त्याला ऊब देणारी आईच असते. पहिली अंघोळही निदान चोवीस तास थांबवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पाचवीच्या आगेमागे डोकावणारा आणखी एक पाहुणा म्हणजे कावीळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेली हलकी कावीळ बहुधा आपोआप जाते. पहिल्या चोवीस तासांत दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर थांबायचं नाही. गळ्यात औषधी मुळ्यांची माळ घालण्यात गेलेला दिवस बाळाच्या मेंदूला महाग पडू शकतो. उपचार सोपा आहे, निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा.

हे सगळं घरी येऊन पाहणारी बाई म्हणजे आशा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. ही कल्पना महाराष्ट्राचीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना नवजातांची देखभाल शिकवली. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभराचा कार्यक्रम त्यावर उभा राहिला.

खान्देशात या वेळापत्रकाला माहेर आडवं येतं. नोंदणी सासरच्या गावात, बाळंतपण माहेरच्या. सासरच्या आशेकडे नाव आहे, पण बाळ नाही. माहेरच्या आशेकडे बाळ आहे, पण नाव नाही.

आणि अजून एक गोष्ट. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. राज्यातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी हा एक. जन्माआधीच ज्यांची वाट अडवली गेली, त्यांची पाचवी कुणी पुजली नाही. जन्मलेल्या मुलीलाही दवाखान्यात न्यायला उशीर झाला तर त्याचं नाव सटवाई नव्हे.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि घरी सोडणारी गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहे. आजारी नवजाताचे उपचारही. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं लागत असेल, श्वास भराभर चालत असेल, झटके येत असतील, बेंबीतून पू येत असेल, तर १०८ ला फोन करायचा. लेकीला माहेरी आणतानाच तिचं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या आणि गावातल्या आशाताईला त्याच दिवशी कळवा. पाचवीला पाट्याशेजारी कोरा कागद ठेवाल, तेव्हा ते कार्डही तिथेच ठेवा. त्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बी या जन्माच्या वेळच्या तिन्ही लसींच्या तारखा लिहिलेल्या आहेत ना, एवढं दिव्याच्या उजेडात पाहून घ्या.