गाण्यापासून मतदार यादीपर्यंत

जानेवारी २०११ मध्ये सेनेगलची राजधानी डाकारमध्ये रोज तासन्‌तास वीज जात होती. पार्सेल आसेनी या दाट वस्तीत पत्रकार फादेल बारो यांच्या घरी काही मित्र अंधारात बोलत बसले होते. त्यांत ‘कर गी’ या रॅप गटाचे चात आणि किलिफा होते. किती दिवस नुसत्या तक्रारी करायच्या, असा विषय निघाला आणि त्यातून ‘याँ आ मार’ ही चळवळ जन्मली. नावाचा अर्थ ‘आता पुरे झाले’. रॅपर समाजबदलाचे नेतृत्व करू शकतात का, हे तपासायचे तर या चळवळीचे काम जवळून पाहावे. माझ्या मते ते करू शकतात, पण गाण्याच्या पाठीशी कंटाळवाण्या कामाची तयारी असेल तरच.

लोक त्यांचे ऐकायला तयार का झाले, हे आधी समजून घेऊ. सेनेगलची सरकारी भाषा फ्रेंच, पण रस्त्यावर आणि घरात बोलतात ती वोलोफ. पुढाऱ्यांची भाषणे ज्यांच्या डोक्यावरून जात, त्यांना रॅप कळत असे. शिवाय त्या समाजात पिढीजात गायकांची मोठी परंपरा आहे. हे गायक आश्रयदात्याची कीर्ती गातात आणि त्याबद्दल बिदागी घेतात. रॅपरांनी ही स्तुती नाकारली. ‘कर गी’ची मुले काओलाक शहरातली. १९९८ मध्ये, शाळेच्या वयात, त्यांनी तिथल्या महापौरांवर गाणी म्हटली आणि त्यापायी तुरुंग पाहिला. असली किंमत मोजलेल्या माणसाचा शब्द वस्तीत चालतो.

पण विश्वास पुरेसा नसतो, हेही त्यांना ठाऊक होते. २००० सालच्या निवडणुकीत रॅपरांनी सत्ताबदलाची हवा तयार केली होती. समाजवादी पक्षाची चाळीस वर्षांची सत्ता गेली आणि अब्दुलाय वाद राष्ट्राध्यक्ष झाले. त्यानंतर कलाकार आपापल्या कामाला लागले. वाद यांना जाब विचारणारी संघटना कुणी उभारली नाही आणि पुढच्या दशकात तेही जुन्याच वाटेने गेले.

म्हणून या वेळी बांधणी वेगळी केली. वस्तीवस्तीत छोटे गट निघाले. पत्रकार मजकूर आणि बातमी सांभाळत, रॅपर माणसे जमवत. कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधून घ्यायचे नाही, हे ठरलेले होते. ‘नव्या धाटणीचा सेनेगली’ ही त्यांची कल्पना होती. लाच न देणारा, रस्त्यावर कचरा न टाकणारा, सरकारकडे बोट दाखवण्याआधी स्वतःला शिस्त लावणारा नागरिक त्यांना घडवायचा होता.

खरा कस लागला मतदार नोंदणीत. या मोहिमेचे नाव ‘दास फनानाल’, म्हणजे लढाईच्या आदल्या रात्रीच हत्यार पाजळून ठेवणे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला निषेधाच्या मोर्चात आणणे सोपे असते. त्याच मुलाला नाव नोंदवायला रांगेत उभे करायचे, तयार झालेले कार्ड आणायला परत पाठवायचे आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर न्यायचे, हे फार चिकाटीचे काम. यातली एक खेप चुकली की मत बुडाले. रॅपरांनी गाण्यातून, वस्तीतल्या सभांतून नेमके हेच पुन्हा पुन्हा सांगितले. चळवळीतले सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटते, आणि त्याची छायाचित्रे सर्वांत कमी दिसतात.

२३ जून २०११ ची छायाचित्रे मात्र जगभर गेली. वाद यांनी घटनादुरुस्ती आणली होती. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष एकत्र निवडायचे आणि पहिल्या फेरीत २५ टक्के मते मिळाली तरी विजय, अशी ती तरतूद. मुलगा करीम याला गादीवर बसवण्याचा हा डाव आहे, असा लोकांचा संशय होता. संसदेला गर्दीने वेढा घातला, अश्रुधूर झाला आणि त्याच दिवशी विधेयक मागे घेतले गेले. श्रेय एकट्या रॅपरांचे नव्हते. मानवाधिकार संघटना आणि विरोधी पक्षही रस्त्यावर होते. पण तरुणांना तिथवर आणण्यात रॅपरांचा वाटा मोठा होता.

जानेवारी २०१२ मध्ये घटना परिषदेने वाद यांच्या तिसऱ्या कार्यकाळासाठीच्या उमेदवारीला मान्यता दिली. निदर्शनांत माणसे दगावली. देश पेटेल अशी भीती असताना चळवळीने मतपेटीचा आग्रह सोडला नाही. २५ मार्चच्या दुसऱ्या फेरीत माकी साल यांना सुमारे ६६ टक्के मते मिळाली आणि वाद यांनी त्याच रात्री पराभव मान्य केला.

यानंतरचा निर्णय मला विजयाहून मोठा वाटतो. प्रसिद्ध गायक युसू न्दूर नव्या सरकारात सांस्कृतिक मंत्री झाले. ‘याँ आ मार’चे रॅपर मात्र बाहेरच राहिले. त्यामुळेच २०१४ मध्ये ‘कर गी’ला नव्या अल्बममध्ये माकी साल यांनाही खडे बोल सुनावता आले.

बुर्किना फासोत हाच वारा पोहोचला. रॅपर स्मोकी आणि रेगे गायक साम्स्क ल जा यांनी २०१३ मध्ये ‘बाले सितुआयँ’, म्हणजे नागरिकांचा झाडू, ही चळवळ उभारली. लोक खरोखर झाडू घेऊन रस्त्यावर आले. २७ वर्षे सत्तेवर असलेल्या ब्लेझ कोंपाओरे यांनी ३१ ऑक्टोबर २०१४ ला राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाने बंड केले आणि त्यात स्मोकीचा स्टुडिओ उद्ध्वस्त झाला. ते बंड मोडले, पण २०२२ मध्ये लष्कराने दोनदा सत्ता घेतली. लोकांना रस्त्यावर आणण्याची ताकद बराकींपुढे अपुरी पडते.

आणखी एक मर्यादा सेनेगलमध्येच दिसली. फादेल बारो यांनी पुढे चळवळीचे नेतृत्व सोडले आणि जानेवारी २०२२ मध्ये काओलाकच्या महापौरपदाची निवडणूक लढवली. त्यांच्या चळवळीने तरुणांना मतदानाचे महत्त्व पटवले होते. तरी त्या शहराने महापौर म्हणून दुसऱ्यालाच निवडले.